पिस्तुलावर रेड डॉट: चाळिशी लागलेल्या डोळ्यांसाठी कोणता घ्यावा?

मुक्काम_प्लेनो

मंडळी, विषय जरा आडवळणाचा आहे. पण इथे टेक्सास-अ‍ॅरिझोनाकडचे दोन-चार नेमबाज वावरतात हे मागच्या एका धाग्यात कळलं, म्हणून विचारतोय.

गेली सहा वर्षं मी रविवारी सकाळी क्लबात स्टील चॅलेंज खेळतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: समोर पाच लोखंडी पाट्या. बीप वाजला की पाचही वाजवायच्या, लागलेला वेळ हाच स्कोअर. बहुतेक स्टेजना अशा पाच फेऱ्या, त्यातली सर्वात वाईट सोडून द्यायची. कमी वेळ तो पुढे. माझ्याकडे .२२ची रुगर मार्क ४ आणि ९ मिमीची ग्लॉक १७ एमओएस (वर डॉट बसवायची सोय असलेली) आहे. दोन्हींवर नेम धरायला आजवर साध्या साइट्स, म्हणजे पुढे माशी आणि मागे खाच.

वय ४८. दोन वर्षांपूर्वीपर्यंत माशीच्या कडा ब्लेडने कापल्यासारख्या दिसायच्या. आता हात लांब केला की तिथे कापसाचा बोळा दिसतो. वाचायचा चष्मा लावला तर माशी लख्ख, पण पाटी धुक्यात. प्रोग्रेसिव्ह लावला तर मान मागे टाकून नाकाच्या शेंड्यावरून बघावं लागतं, आमचे आजोबा पंचांग बघायचे तसं. मागच्या मॅचमध्ये दहा इंची गोल पाटीवर सलग तीन गोळ्या हुकल्या आणि मागच्या पोराने हळूच विचारलं, "सर, आर यू ओके?" ते 'सर' जास्त लागलं.

तर रेड डॉट, म्हणजे काचेत लाल ठिपका दाखवणारी साइट, घ्यायचाय. बजेट एकाला तीनशे डॉलरच्या आसपास. दुकानात दोन-तीन बघितले, तर एकातही गोल ठिपका दिसला नाही. फरकाटलेलं काहीतरी दिसलं, पायाखाली आलेल्या कुंकवाच्या टिकलीसारखं. माल खराब की मी खराब? आणि ठिपका तीन एमओएचा (हे त्याच्या आकाराचं माप) घ्यावा की सहा? उघडा की बंद डबीचा? यूट्यूब बघून डोकं फिरलंय.

तात्या_ट्युसॉन

माल खराब नाही, तुम्हीही नाही. तुमच्या नंबरात सिलिंडर आहे का बघा. अ‍ॅस्टिग्मॅटिझम, म्हणजे बुबुळाची वक्रता सगळीकडे सारखी नसणं, असला की एलईडीचा ठिपका धूमकेतू, स्वल्पविराम, द्राक्षाचा घड, काय वाट्टेल ते दिसतो. खात्री करायला मोबाइलचा कॅमेरा काचेमागे धरून डॉटचा फोटो काढा. फोटोत गोल आला तर दोष डोळ्याचा. दुसरी युक्ती म्हणजे साइट हातात घेऊन आडवी-उभी फिरवा. शेपूट साइटबरोबर फिरली नाही, जिथल्या तिथे राहिली, तर ती तुमच्या बुबुळाची शेपूट.

उपाय सोपा आहे. डोळ्यांच्या डॉक्टरकडून फक्त लांबचा, सिलिंडरसकट, सिंगल व्हिजन चष्मा करून घ्या. काचा पॉलिकार्बोनेटच्या. प्रोग्रेसिव्ह घरी ठेवा. डॉटवाल्याला जवळचं काही बघायचंच नसतं, सगळी मजा तिथेच आहे. ठिपका पाटीच्याच अंतरावर असल्यासारखा दिसतो, त्यामुळे चाळिशीचा प्रश्न आपोआप बाजूला पडतो. राहतो फक्त लांबचा नंबर.

आणि दुकानात ब्राइटनेस किती होता? शोकेसमध्ये सगळे डॉट होळी पेटवून ठेवलेले असतात. दोन-तीन पायऱ्या खाली आणा, निम्मी शेपूट तिथेच गळते. काहींना हिरवा डॉट जास्त नेटका दिसतो, काहींना नाही. हे ज्याचं त्याने बघायचं.

मुक्काम_प्लेनो

तात्या, फोटो काढला. गोल! म्हणजे मीच. उजव्या डोळ्याला सिलिंडर १.२५ आहे. कपाटात चार वर्षांपूर्वीचा लांबचा चष्मा सापडला, तो लावून बघितलं तर शेपूट जवळजवळ गेली. नवा करायला टाकतो.

आकाशवेडा_पुणे

बंदुकीतलं मला ओ की ठो कळत नाही, पण हा ठिपका माझ्या ओळखीचा आहे. आमच्या दुर्बिणीवर टेलरॅड नावाचं एक खोकं असतं. त्याच्या काचेतून आकाशाकडे बघितलं की ताऱ्यांवर तीन लाल वर्तुळं तरंगताना दिसतात, अर्धा, दोन आणि चार अंशांची. तुमच्या साइटचं तत्त्व अगदी तेच.

आत एक बारीक दिवा. समोर वक्र काच, आणि दिवा बरोबर तिच्या नाभीवर. तिच्यावरून परावर्तित झालेले किरण समांतर होऊन डोळ्यात येतात, आणि समांतर किरण म्हणजे डोळ्याच्या दृष्टीने अनंत अंतरावरून आलेले. म्हणून ठिपका लांब दिसतो आणि डोकं थोडं हललं तरी तो लक्ष्यावरून हलत नाही. काचेवरचा लेप फक्त त्या दिव्याचा रंग परत फेकतो आणि बाकीचा उजेड पलीकडून येऊ देतो. तुमच्या काचेला हलकी निळसर-हिरवट झाक दिसत असेल तर ती त्यामुळेच.

एमओएचा बाऊ नका करू. तो कोनाचा एक मिनिट, अंशाचा साठावा भाग. पौर्णिमेचा चंद्र साधारण ३० ते ३१ मिनिटांचा असतो. मघाशी गंमत म्हणून शोधलं, तर तुमच्याकडे ३२ एमओएचं वर्तुळ असलेल्या साइट्स मिळतात म्हणे. म्हणजे काचेत तुम्ही पूर्ण चंद्राएवढी रिंग घेऊन हिंडता आणि तीन एमओएचा ठिपका म्हणजे चंद्राच्या रुंदीचा दहावा हिस्सा.

अवांतर: या रिफ्लेक्स साइटचं पेटंट १९०० सालचं, डब्लिनच्या सर हॉवर्ड ग्रब यांचं. ते मुळात दुर्बिणी बनवणारे. पुण्यात सायन्स कॉलेजात, म्हणजे आजच्या सीओईपीत, १८८८ साली महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. तिथे कावसजी दादाभाई नेगमवाला यांनी वापरलेली २० इंची दुर्बीण याच ग्रबच्या कारखान्यातली. १९१२ साली नेगमवाला निवृत्त झाल्यावर ती कोडाईकनालला गेली. तेव्हा प्लेनोकर, तुमच्या ठिपक्याचे चुलते शिवाजीनगरात राहून गेलेत.

तात्या_ट्युसॉन

वा! हे माहीत नव्हतं. पुढची कडी मी जोडतो. विमानांवर ही साइट पहिल्या महायुद्धाच्या शेवटी आली. हातातल्या बंदुकीसाठी एलईडीवाली साइट एमपॉइंट या स्वीडिश कंपनीने १९७५ साली काढली. पिस्तुलवाले बरीच वर्षं नाक मुरडत होते. १९९० साली अ‍ॅडलेडला आयपीएससी या आंतरराष्ट्रीय नेमबाजी संघटनेच्या जागतिक स्पर्धेत डग कोनिग डॉट लावून जिंकला आणि मग सगळ्यांची नाकं सरळ झाली.

निवांत_नॅशव्हिल

एवढा उत्साह रांगोळीवर दाखवला असता तर. बंदूक ही काय छंदाची गोष्ट आहे का? ह. घ्या.

रेवती_ह्यूस्टन

निवांत, हलकंच घेतलं. माझी रांगोळीही बरी असते, एकदा दाखवते.

प्लेनोकर, मी यूएसपीएसए या इथल्या नेमबाजी संघटनेच्या कॅरी ऑप्टिक्समध्ये, म्हणजे डॉटवाल्या पिस्तुलांच्या गटात, चार वर्षं खेळतेय, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. कुठला घ्यावा यावर लोक महिनाभर भांडतात आणि घेतल्यावर रडतात ते भलत्याच कारणाने. पिस्तूल वर आणलं की ठिपका सापडतच नाही! काच समोर, पाटी समोर, ठिपका गायब. मग माणूस पिस्तूल वर-खाली, डावी-उजवीकडे हलवत बसतो, अंधारात उशीखाली मोबाइल चाचपावा तसा. माझी पहिली मॅच अशीच गेली. साध्या साइट्सवर माझं यापेक्षा बरं चाललं होतं.

साध्या साइट्समध्ये माशी तिरकी असली तरी दिसते आणि आपण नकळत दुरुस्त करतो. डॉट एकतर असतो, नाहीतर नसतो. मनगट दीड-दोन अंश चुकलं की तो काचेबाहेर. बहुतेकांचं नळीचं तोंड वर राहिलेलं असतं आणि ठिपका काचेच्या वरच्या कडेतून पळालेला असतो. तेव्हा हरवला की पिस्तुलाचं नाक खाली करा, दहातल्या आठ वेळा वरून खाली येऊन हजर होतो.

मी काय केलं ते सांगते. पिस्तूल रिकामं, मॅगझिन बाहेर, चेंबर डोळ्यांनी बघून वर बोट घालून तपासलेलं, काडतुसं दुसऱ्या खोलीत. बेडरूमच्या भिंतीवर, जिच्यामागे विटाच आहेत अशा भिंतीवर, दिव्याचं पांढरं बटण. नजर बटणावर रोवायची आणि हलवायची नाही. पिस्तूल नजरेच्या रेषेत आणायचं, नजर पिस्तुलाकडे न्यायची नाही. डोळे मिटून वर आणायचं, मग उघडायचे, ठिपका कुठे आहे? वर असेल तर पकड बदल, परत. रोज दहा मिनिटं. तिसऱ्या आठवड्यात ठिपका माझ्याआधीच बटणावर जाऊन बसलेला असायचा. घरच्यांना वाटलं बाईचं लाइट बिल वाढणार.

अजून एक. काचेच्या पुढच्या बाजूला, म्हणजे पाटीकडच्या तोंडावर, कागदी चिकटपट्टी लावा. बाहेरचं काहीच दिसणार नाही, फक्त ठिपका. दोन्ही डोळे उघडे ठेवा. उजवा ठिपका बघतो, डावा पाटी, आणि मेंदू दोन्ही एकावर एक ठेवतो. पट्टी लावून नेम जमला तर समजा तुम्ही पाटीकडे बघताय. नाही जमला तर सवयीने ठिपक्याकडेच बघताय. साध्या साइट्सवरून आलेल्या प्रत्येकाची हीच खोड असते, कारण 'माशी बघ, माशी बघ' असं घोकूनच आपण शिकलेलो असतो.

आता खरेदी. रुगरवर सहा एमओए आणि मोठी काच. .२२मध्ये होल्स्टर नसतं, पिस्तूल हातात खाली धरूनच सुरुवात, आणि २५ यार्डांवरही सहा एमओए म्हणजे दीड इंचाच्या आसपासच. दहा इंची पाटीला भरपूर. व्होर्टेक्स व्हेनम सहा एमओएमध्ये मिळतो, बजेटमध्ये बसेल. ग्लॉकवर मी होलोसन ५०७सी वापरते. दोन एमओएचा ठिपका आणि आकाशवेड्यांची ती चंद्राएवढी रिंग, हवं ते एक किंवा दोन्ही. सुरुवातीला रिंग चालू ठेवा, ठिपका हरवला तरी रिंगचा तुकडा कडेला दिसतो आणि कुठे वळायचं ते कळतं.

जुना_फिटर_मिशिगन

रेवतीताईंना +१. पण बसवण्याबद्दल कुणी बोललंच नाही, आणि निम्म्या तक्रारी तिथल्याच असतात.

माझी फजिती सांगतो. पहिली साइट स्वस्तातली, कंपनीचं नाव घेत नाही. डब्यात आलेले स्क्रू तेलकट तसेच लावले, हाताच्या अंदाजाने आवळले. चाळीस वर्षं पाने फिरवलेला माणूस मी, टॉर्कचा पाना काढायची लाज वाटली. दुसऱ्या मॅगझिनला गोळ्यांचा गट डावीकडे सरकायला लागला. मी आपला साइटचा स्क्रू फिरवून क्लिक देतोय, तो अजून सरकतोय. मग एका आवाजाला साइट उडाली आणि माझ्या टोपीच्या झापेवर आदळून खाली पडली. शेजारच्या लेनवाला पोट धरून हसला.

ग्लॉकची स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, प्रत्येक गोळीला झटक्याने मागे जाऊन पुन्हा पुढे आपटते आणि तुमची साइट तिच्यावर स्वार असते. रुगरचं तसं नाही. तिथे आतला बोल्टच हलतो, रिसीव्हर, म्हणजे बाहेरचं कवच, जागचा हलत नाही, त्यामुळे साइट सुखात असते. म्हणून रुगरवर स्वस्त चालेल, ग्लॉकवर काटकसर करू नका.

काम असं करा. स्क्रू आणि भोकं आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसून कोरडी करा. निळं लॉकटाइट (स्क्रू ढिला होऊ न देणारा गोंद), एका स्क्रूला एक थेंब, लाल नव्हे. टॉर्क साइटच्या पत्रकात दिलेला असेल तेवढाच, बहुतेकांचा १२ ते १५ इंच-पाउंड. एक रात्र तसंच ठेवा. मग स्क्रूच्या डोक्यावरून साइटच्या अंगावर पांढऱ्या पेंटची एक बारीक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला, लांबून कळतं.

ग्लॉक एमओएसबरोबर प्लेटा येतात, प्रत्येकीवर नंबर. ५०७सीचा फुटप्रिंट, म्हणजे बुडाची मापं, आरएमआर या दुसऱ्या साइटचाच, म्हणून ०२ नंबरची प्लेट. आणि स्क्रूची लांबी तपासाच. उजव्या बाजूचा स्क्रू जास्त लांब असला तर तो खाली एक्स्ट्रॅक्टरच्या, म्हणजे काडतुसाची रिकामी केस ओढून काढणाऱ्या आकड्याच्या, पिनेवर दाबतो, मग ती केस नीट बाहेर पडत नाही आणि माणूस गोळ्यांना शिव्या देत बसतो. स्क्रू आवळल्यावर एक्स्ट्रॅक्टर बोटाने हलवून बघा. पूर्वीसारखाच हलला पाहिजे.

उघडा की बंद, यावर माझं मत: तुमच्या खेळाला उघडा पुरे. उघड्यात एलईडी मागे मोकळी बसलेली असते. तिच्यावर पाण्याचा थेंब किंवा कचरा पडला की ठिपका फुटतो किंवा जातो. बंद डबीवाल्यात, एमपॉइंट अ‍ॅक्रोसारख्यात, ती भानगड नाही, पण किंमत आणि वजन दोन्ही वाढतं. पोलिसाने पावसात वापरायचा तर बंदच. रविवारी शेडखाली उभं राहून पाट्या वाजवायच्या तर कानातल्या बडसारखी कापसाची काडी खिशात ठेवा.

एच१बी_नवखा

वाचून मलाही रेंजवर जावंसं वाटतंय. एच-वनवर असताना पिस्तूल विकत घेता येतं का?

तात्या_ट्युसॉन

नाही. नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्याला फेडरल कायद्याने बंदूक किंवा काडतुसं बाळगायला बंदी आहे. वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत, पण ते मंचावर विचारून ठरवू नका, वकिलाला विचारा. ग्रीन कार्ड आल्यावर या, मी शिकवतो. तोवर रेवतीताईंची रांगोळी शिका.

कोल्हापुरी_नेमबाज

मी १० मीटर एअर पिस्तूल करतो. आमच्याकडे हे सगळं बघून नुसती हळहळ, कारण आयएसएसएफच्या, म्हणजे ऑलिंपिकवाल्या नेमबाजी संघटनेच्या, पिस्तूल प्रकारांत फक्त उघड्या साइट्स चालतात. भिंग, आरसा, लेझर, रेड डॉट, सगळं बाद. आमच्या गावच्या राही सरनोबतने २०१८च्या जकार्ता-पालेम्बांग एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तुलाचं सुवर्ण घेतलं ते साधी माशी आणि खाच यांच्यावरच.

पण चाळिशीवाल्यांना आमच्याकडेही वाट आहे. पिस्तुलावर भिंग चालत नाही, चष्म्याला चालतं. नेमबाजीच्या फ्रेममध्ये एकाच डोळ्यापुढे गोल काच असते, तिच्यात लांबच्या नंबरावर अर्धा किंवा पाऊण प्लस चढवायचा. माशी स्वच्छ होते, टार्गेट जरासं मऊ दिसतं, आणि ते तसंच दिसायला हवं असतं. प्लेनोकर, तुम्हाला साध्या साइट्स सोडवत नसतील तर आधी हे करून बघा. डॉटपेक्षा स्वस्त पडेल.

एक विचारायचं होतं: माझा मावसभाऊ डिसेंबरात डॅलसहून येतोय. त्याच्या बॅगेत एक डॉट मागवू का? नुसता घरी बघायला.

रेवती_ह्यूस्टन

अजिबात नको. पिस्तुलाचे रिफ्लेक्स साइट अमेरिकेच्या निर्यात नियंत्रण यादीत आहेत, नाव घेऊन. 'छोटी वस्तू आहे, मोज्यात घालून नेतो' या भानगडीत भावाला पाडू नका. चितळ्यांची बाकरवडी इकडे येते तेवढी देवाणघेवाण पुरे.

मुक्काम_प्लेनो

सगळ्यांचे आभार. दोन्ही घेतले: रुगरवर व्हेनम सहा एमओए, ग्लॉकवर ५०७सी. फिटरकाकांच्या सांगण्यावरून टॉर्कचा पानाही घेतला, बायकोला तो 'घरात लागतोच' म्हणून सांगितला. आता झिरो, म्हणजे ठिपका आणि गोळी एका जागी जुळवणं, किती यार्डांवर करू? क्लबात एकजण १० म्हणतो, एकजण २५.

तात्या_ट्युसॉन

२५. तिथे चूक मोठी दिसते.

रेवती_ह्यूस्टन

तात्यांशी असहमत. ४८व्या वर्षी नव्या डॉटवर २५ यार्डांवर झिरो करायला गेलात तर साइटचा नव्हे, तुमच्या हाताच्या थरथरीचा झिरो होईल. टेकू असेल तर ठीक. नाहीतर वाळूच्या पिशवीवर मनगटं टेकून १५ यार्डांवर करा. बहुतेक साइट्सचा एक क्लिक एक एमओए, म्हणजे १५ यार्डांवर साधारण ०.१६ इंच. पाच गोळ्या, गटाचा मध्य बघा, क्लिक द्या, पुन्हा पाच. एकेका गोळीमागे धावू नका.

ठिपका नळीच्या इंच-सव्वा इंच वर बसतो, त्यामुळे तीन यार्डांवर मारलं तर गोळी जवळजवळ इंचभर खाली लागेल. त्याला दुरुस्त करू नका.

तात्या_ट्युसॉन

बरं, १५ वर करा आणि २५ वर तपासा. ताईंशी वाद घालून मी आजवर जिंकलेलो नाही.

मुक्काम_प्लेनो

काल पहिली मॅच झाली, वृत्तांत.

रुगर: स्वप्नवत. 'स्मोक अँड होप' या स्टेजच्या मोठ्या पाट्यांवर ठिपका फेकायचा आणि चाप ओढायचा. माशी शोधणं नाही, मान वाकडी करणं नाही. माझी आजवरची सर्वात कमी वेळाची मॅच. मात्र क्लासिफिकेशन पुन्हा तळापासून, कारण डॉट लावला की डिव्हिजन, म्हणजे स्पर्धेतला गट, बदलते.

ग्लॉक: वेगळी कथा. ठिपका मिळतो, त्या बटणाच्या सरावाने खरंच मिळतो. पण तो थरथरतो! लांबच्या पाटीवर ठेवला की खऱ्याखुऱ्या माशीसारखा भणभणतो. साध्या साइट्सवर माझा हात इतका हलत होता हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मग ठिपका मधोमध आला की 'आत्ता!' म्हणून चाप झटकायचा आणि गोळी खाली डावीकडे. 'आउटर लिमिट्स' या स्टेजला सलग दोन पाट्या तशाच हुकल्या.

शिवाय गाडीतल्या एसीतून पिस्तूल थेट बाहेर काढलं, तर काच सोलापुरी दूधवाल्याच्या चष्म्यासारखी धुकटली. पहिली फेरी पुसण्यात गेली.

रेवती_ह्यूस्टन

हात तेवढाच हलत होता, माशीने झाकून ठेवलं होतं. ठिपका पाटीच्या आत फिरतोय ना? मग फिरू द्या. तो आत असताना चाप सावकाश मागे घेत राहायचं, गोळी पाटीवरच लागते. 'आत्ता' हा शब्दच डोक्यातून काढा. आणि ब्राइटनेस अजून एक पायरी कमी करा, भडक ठिपक्याची थरथर जास्त दिसते.

जुना_फिटर_मिशिगन

धुक्यासाठी: पिस्तुलाची पेटी ट्रंकमध्ये ठेवा, एसीत नको. पेंटची रेघ तपासलीत का?

मुक्काम_प्लेनो

तपासली, शाबूत. काका, बॅटरी किती दिवसांनी बदलू? पत्रकात हजारो तासांचे आकडे आहेत.

जुना_फिटर_मिशिगन

आकड्यांवर जाऊ नका, ते मंद उजेडावरचे असतात. मी दर वर्षी खंडेनवमीला बदलतो. शस्त्रं पुसायची, तेल द्यायचं, हळदकुंकू वाहायचं आणि सीआर १६३२ नवी घालायची. ५०७सीला बाजूने कप्पा आहे, साइट काढावी लागत नाही, झिरोही हलत नाही. व्हेनमचीही वरून निघते. फक्त कुंकू काचेवर सांडू देऊ नका, मागच्या वर्षी मला दोन तास लाल ठिपका दोन ठिकाणी दिसत होता.